स्वतंत्र कलावंत कीं नवा वेठबिगार?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या समाजांत एक नवें सुभाषित रूढ झालें आहे. 'आतां कलावंताला कोणाच्या दाराशीं तिष्ठत उभें राहण्याचें कारण उरलें नाहीं. तो स्वतःच स्वतःचा मालक झाला आहे,' असें तें सुभाषित होय. सभांतून, शिबिरांतून, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून आणि विशेषतः ज्यांनीं स्वतः कधीं चार सूर लावलेले नाहींत अशा उपदेशकांच्या तोंडून तें इतक्या वेळां ऐकूं येतें कीं, त्याची परीक्षा करण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे. ध्वनिमुद्रणाचें यंत्र खिशांत आहे, प्रेक्षागृह यूट्यूबवर आहे, तिकीटविक्री फोनवर आहे. मग गायकाला आणखी काय हवें, असा या मंडळींचा सवाल असतो. आमचा सवाल निराळा आहे. ज्या गायकास या सर्व खात्यांचा कारभार एकट्यानें पाहावयाचा, त्यानें गावें केव्हां? आणि हें सर्व करून जो पैसा उत्पन्न होतो त्यांतला त्याच्या पदरीं पडतो किती? या दोन प्रश्नांचीं उत्तरें दिल्यावांचून जो कोणी कलावंताच्या स्वातंत्र्याचे पोवाडे गातो, तो आमच्या मतें वेठीलाच स्वातंत्र्य हें नांव देत आहे.

हें दुखणें केवळ पुण्या-मुंबईचें आहे अशी कोणाची समजूत असेल तर त्यानें खानदेशाकडे पाहावें. २०१६ सालीं जिओच्या आगमनानें इंटरनेट स्वस्त झालें आणि जळगांव-धुळ्याकडील खेड्यापाड्यांतून अहिराणी गाण्यांचें एक मोठें पीक उभें राहिलें. ज्या बोलीला शाळेंत हसत, जिच्यांत पत्र लिहिण्याची शिकलेल्यांस लाज वाटे, त्या बोलींतलीं गाणीं कोट्यवधि वेळां ऐकलीं गेलीं. 'हाई झुमका वाली पोर' हें गाणें ज्यांस अहिराणीचें एक वाक्यहि धड बोलतां येत नाहीं अशा नागपूर-कोल्हापूरच्या वरातींतहि वाजलें. मुंबईच्या कोणत्याहि शेटजीच्या परवानगीवांचून हें घडलें, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. पण या आनंदाच्या मागें जें काम उपसलें जातें तें आमच्या सुभाषितकारांनीं एकदां जवळून पाहावें.

एक गाणें जगापुढें येण्यास आज काय काय लागतें याची मोजदाद करूं. प्रथम शब्द हवेत, मग चाल हवी. मग वाद्यमेळ हवा. तो जमविण्यास पैसा नसेल तर संगणकावर वाजवावयास शिकलें पाहिजे. मग ध्वनिमुद्रण, मग निरनिराळ्या आवाजांची मिळवणी, मग शेवटचा हात. येथपर्यंत निदान संगीताशीं संबंध आहे. यापुढें जें सुरू होतें त्याचा संगीताशीं संबंध नाहीं. गाण्याला चित्र पाहिजे, म्हणून जागा शोधणें, पोषाख आणणें, नाचणारे गोळा करणें, कॅमेरा भाड्यानें घेणें, चित्रफीत कापणें-जोडणें. पाहणाऱ्याचें बोट थांबावें असें मुखचित्र करणें आणि शोधणाऱ्यास सांपडावें असें नांव देणें. वितरकाकडे नोंदणी, प्रत्येक मुद्रणाचा ओळखक्रमांक, हक्कसंस्थेकडे अर्ज, बँकेचे कागद, करांचा हिशेब. त्यानंतर जाहिरात; आणि जाहिरात म्हणजे एक दिवसाचें काम नव्हे, तर रोज उठून इन्स्टाग्रामवर आपलें तोंड दाखविणें, अर्ध्या मिनिटाचे तुकडे पाडून टाकणें, ओळखी-अनोळखी लोकांस उत्तरें देणें, शिव्या देणाऱ्यांसहि हात जोडणें. कार्यक्रमाची सुपारी घेणें, बयाणा वसूल करणें आणि राहिलेल्या रकमेसाठीं सहा महिने फोन करणें हें आणखी निराळेंच. आम्हीं मोजलीं तीं कामें वीसांच्या घरांत गेलीं. त्यांत गाणें हें काम एक.

आतां असोद्याकडे वळूं. जळगांवच्या लगतचें हें गांव मराठी वाचकांस एकाच नांवानें ठाऊक आहे. १८८० सालीं येथें महाजनांच्या घरांत बहिणाबाई जन्मल्या. लग्न होऊन जळगांवच्या चौधऱ्यांच्या घरीं गेल्या. ऐन तिशींत विधवा झाल्या. आणि शेतांत राबतां राबतां, जात्यावर दळतां दळतां गात राहिल्या. त्यांस अक्षरओळख नव्हती. तरीहि आज त्यांचीं गाणीं आपल्यापाशीं आहेत. कां आहेत? कारण सोपानदेवांनीं आणि पितांबर चौधरी या त्यांच्या आप्तानें तीं ऐकतां ऐकतां कागदावर उतरून ठेविलीं. कारण १९५१ च्या डिसेंबरांत बहिणाबाई गेल्यावर सोपानदेवांनीं तो ठेवा आचार्य अत्र्यांस दाखविला, अत्र्यांनीं त्याचें मोल तत्काळ ओळखलें, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ सालीं 'बहिणाबाईंचीं गाणीं' हें पुस्तक निघालें. कारण पुढें १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटानें त्यांतलीं कांहीं गाणीं घरोघर पोंचविलीं. टिपून घेणारा एक, पारखणारा दुसरा, छापणारा तिसरा, चाल लावणारा चौथा, पडद्यावरून गाणारीं आणखी निराळीं. बहिणाबाईंनीं जें केलें तें एवढेंच कीं, त्यांनीं रचलें आणि गाइलें. तेवढेंच त्यांचें काम होतें, आणि तें दुसऱ्या कोणास करतां येण्यासारखें नव्हतें.

ह्या उदाहरणाचा आम्ही विपर्यास करूं इच्छीत नाहीं. बहिणाबाईंच्या हयातींत त्यांचें पुस्तक निघालें नाहीं, त्यांस एक पैहि मिळाली नाहीं, आणि जीं गाणीं कोणी टिपलीं नाहींत तीं वाऱ्यावर गेलीं. तो काळ सोन्याचा होता असें कोण म्हणेल? आम्हांस दाखवावयाचें आहे तें हें कीं, एका गळ्यांतून निघालेलें गाणें समाजापर्यंत पोंचण्यास चार-पांच निरनिराळ्या माणसांचे हात लागतात. आणि ते हात ज्याचे त्याच्या अंगीं शोभतात. आज असोद्याच्या एखाद्या घरांत तसाच गळा आणि तशीच प्रतिभा असलेली स्त्री असेल, तर तिला आपण काय सांगतों? 'बाई, फोन घे, खातें उघड, उजेड बरा पाहून उभी राहा, पहिल्या तीन पळांत लोकांचें लक्ष वेधून घे, आणि रोज कांहींतरी टाकीत जा.' सोपानदेवाचें कामहि तिनेंच करावें, अत्र्यांचें कामहि तिनेंच करावें, छापखान्याचें व पुस्तकविक्याचेंहि तिनेंच करावें; आणि तें न साधलें तर दोष तिच्या आळसाचा! दळतां दळतां रचणारी ती बाई आपल्या दृष्टीस पडणार नाहीं, आणि न पडलेल्याची नोंद कोणत्याच आंकड्यांत होत नसल्यामुळें आपण सारे ठीक चाललें आहे असेंच समजत राहूं.

कामाची ही वांटणी कांहीं आधुनिक कंपन्यांनीं शोधून काढलेली नाहीं. ती आपल्या परंपरेच्या हाडींमाशीं भिनलेली आहे. ज्ञानेश्वरी सांगितली ज्ञानदेवांनीं. ती लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा ग्रंथांतच आदरानें उल्लेखिलेले आहेत. खानदेशांतील वहीगायनांत पुढें गाणारा एक असतो, मागें सूर उचलून धरणारे निराळे असतात, डफावरचा हात निराळा असतो. तमाशाचा फड घ्या. पाडव्याच्या सुमारास पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवीं फडांच्या राहुट्या पडतात, गांवोगांवचे पंच यात्रेची सुपारी द्यावयास तेथें येतात. तो सौदा करावयास फडाचा व्यवस्थापक बसलेला असतो, ढोलकीवाला बसत नाहीं. फडांत अन्याय नव्हता, नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायांच्या वांट्यास न्यायानें आलें असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. परंतु लावणी म्हणणारीनें त्याच रात्रीं तंबूचे खुंटहि ठोकावे आणि सकाळीं हिशेबाची वहीहि लिहावी, अशी अपेक्षा त्या कठोर जगानेंहि केली नाहीं. आकाशवाणीवर गाणारा ठरल्या वेळीं जाई, गाई आणि मानधनाचा कागद घेऊन घरीं येई. यंत्र सांभाळणारा, निवेदन करणारा, तंबोरा धरणारा हे सर्व तेथें असत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचार करण्यासारखा आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं हें सर्व एकट्यानें केलें नाहीं काय? १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, १९०८ सालीं मुंबईस आणलें. स्वतः गाइले, शिष्य तयार केले, स्वरलिपि रचली, पुस्तकें छापलीं, तिकीट लावून जलसे केले. मग आजच्या तरुणानें तक्रार कां करावी? आम्ही म्हणतों, उदाहरण पूर्ण सांगा. पलुसकरांच्या त्या थोर खटाटोपाचा शेवट कर्जांत झाला आणि मुंबईची ती इमारत त्यांच्या हातून गेली. बालगंधर्वांचेंहि तसेंच. १९१३ सालीं त्यांनीं, गणपतराव बोडसांनीं आणि गोविंदराव टेंब्यांनीं मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. दोघे भागीदार बाहेर पडल्यावर साऱ्या मंडळीचा भार त्या एका दैवी गळ्यावर आला, आणि पुढचा कर्जाचा इतिहास महाराष्ट्रास ठाऊक आहे. ज्यांच्यासारखे शतकांत एकदोन होतात त्यांचीसुद्धां जर ही गत झाली, तर सामान्य गुणाच्या पण प्रामाणिक गायकाकडून आपण तेंच मागावें हा कोठला न्याय? शिवाय पलुसकरांनीं जीं अनेक कामें अंगावर घेतलीं तीं संगीताच्या प्रतिष्ठेसाठीं, आपण होऊन घेतलीं. आजचा गायक रोज तीन तुकडे इन्स्टाग्रामवर टाकतो तो कोणत्या ध्येयासाठीं टाकीत नाहीं. न टाकले तर यंत्र त्यास विसरेल या भीतीनें टाकतो. ध्येयासाठीं उचललेलें ओझें आणि भीतीनें उचललेलें ओझें हीं वजनाला सारखीं असलीं तरी एक नव्हेत.

दुसरा आक्षेप याहून बळकट आहे. जुने द्वारपाल काय पुण्यवान होते? मुळींच नव्हते. आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमसारख्या घरोघरच्या वाद्यास मज्जाव केला होता. ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांनीं आणि पुढें १९८० नंतरच्या कॅसेटवाल्यांनीं कित्येक लोकगायकांस एकदांच कांहीं रुपये हातावर ठेवून त्यांचे गळे कायमचे विकत घेतले. जात, गांव, बोली, ओळख यांवरून दार उघडे किंवा बंद होई. अहिराणीला तर दाराजवळसुद्धां कोणी उभें केलें नसतें. म्हणून त्या द्वारपालांस पुन्हां बोलवा असें आम्ही म्हणत नाहीं. दार उघडलें हें उत्तमच झालें. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, दार उघडून आंत घेतलेल्या पाहुण्यास पाणी विचारण्याऐवजीं त्याच्या हातीं केरसुणी द्यावयाची, चुलीशीं बसवावयाचें आणि 'घर तुझेंच आहे' असें गोड बोलावयाचें, ही आदरातिथ्याची रीति नव्हे. आणि नवे द्वारपाल नाहींत हेंहि खरें नाहीं. पूर्वींच्या द्वारपालास निदान चेहरा होता. त्याच्याशीं भांडतां येई, त्याच्या दारांत सत्याग्रह करतां येई. आजचा द्वारपाल म्हणजे एक गणिती यंत्र आहे. तें कोणास पुढें ढकलील आणि कोणास अंधारांत ठेवील याचें कारण तें सांगत नाहीं, व त्यास विचारावें तरी कोणाच्या पत्त्यावर?

आतां पैशाकडे वळूं, कारण सुभाषितकार पैशाच्या गोष्टींत नेहमीं संदिग्ध असतात. यूट्यूबवर जाहिरातीचा वांटा मिळूं लागण्यास आधीं हजार सबस्क्रायबर जमवावे लागतात, आणि त्याच्या जोडीस बारा महिन्यांत चार हजार तासांचें पाहणें किंवा नव्वद दिवसांत लहान तुकड्यांचीं एक कोटि दर्शनें भरावीं लागतात. तोंपर्यंत गायकाचें काम फुकट. कंपनीच्या दुकानांत मात्र माल भरत राहिला. २०१९ सालीं भारतांत आलेल्या स्पॉटिफायनें २०२४ पासून असा नियम केला कीं, बारा महिन्यांत हजार वेळां न वाजलेल्या गाण्यास त्याच्या मुद्रणाबद्दल कांहींच मिळावयाचें नाहीं. बरें, हजाराच्या वर गेलें तरी काय? अशा बहुतेक संस्थांत सर्व पैसा एका हौदांत जमा होतो आणि एकंदर वादनाच्या प्रमाणांत वांटला जातो. आपण महिनाभर केवळ एका खानदेशी गायकाचीं गाणीं ऐकलीं तरी आपली वर्गणी त्यास मिळत नाहीं; ती हौदांत जाते आणि तिचा मोठा भाग ज्यांचें नांवहि आपण ऐकलें नाहीं अशा धनाढ्य कंपन्यांकडे वाहतो. त्या हौदांत आतां यंत्रानें रचलेलीं गाणींहि ओतलीं जात आहेत. डीझर या फ्रेंच संस्थेनें २०२५ सालीं, तशीं गाणीं आपणांकडे रोज हजारोंनीं येतात असें जाहीर केलें. यंत्राला भूक नाहीं, झोंप नाहीं, घर नाहीं. त्याच्याशीं शर्यत लावून गायकास 'आणखी माल टाक' म्हणून सांगणें म्हणजे हातमागवाल्यास 'गिरणीपेक्षां जास्त कापड काढ' म्हणून सांगण्यासारखें आहे.

कायदा तरी पाठीशीं आहे काय? आहे, पण अर्धा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं जी दुरुस्ती झाली तिनें गीतकार व संगीतकार यांचा मानधनांतला समान वांटा असा पक्का केला कीं, तो त्यांस स्वतःसहि लिहून देतां येऊं नये. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांसहि वांट्याचा हक्क दिला. ही दुरुस्ती थोर आहे. परंतु त्याच कायद्याप्रमाणें धार्मिक समारंभांत, तसेंच लग्नाच्या वरातींत व लग्नासंबंधींच्या इतर समारंभांत गाणें वाजविणें हा हक्कभंग होत नाहीं. खानदेशी गाणें सर्वांत अधिक वाजतें कोठें? हळदींत आणि वरातींत! म्हणजे जेथें त्याची खरी सत्ता चालते तेथें त्याचें उत्पन्न शून्य. आणि जेथें उत्पन्न आहे तेथें हक्क राखण्यास संस्थेचें सभासदत्व, अर्ज, इंग्रजींतले करार आणि कधीं कधीं स्वतःच्याच गाण्यावर परक्यानें सांगितलेला दावा यांशीं झुंज द्यावी लागते. वाद्यमेळाचा तयार तुकडा विकत घेऊन त्यावर गाइलेल्या गायकास, तोच तुकडा घेणाऱ्या दुसऱ्याच कोणाचा मालकीहक्क यंत्र दाखवूं लागतें. मग गायक वकीलहि होतो. एकविसावें काम!

या सर्वांचा परिणाम केवळ गायकाच्या पाठीवर होत असता तर, कष्ट कोणास चुकले आहेत असें म्हणून कोणी गप्प बसला असता. परिणाम गाण्यावर होत आहे, आणि तो आपल्या सर्वांच्या कानांचा प्रश्न आहे. १९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजान ध्वनिमुद्रणासाठीं गाइली तेव्हां यंत्रानें तिला अवघीं तीन मिनिटें दिलीं; तीं तीन मिनिटें मेणाच्या तबकडीची मर्यादा होती, आणि थोर गवयांनीं त्या मर्यादेतहि रागाचें सार भरलें. आज मर्यादा यंत्राची नाहीं. ती दुकानदाराच्या हिशेबाची आहे. तीस सेकंद ऐकलें तर एक वादन मोजलें जातें. म्हणून जें काय सांगावयाचें तें तीस सेकंदांच्या आंत. सुरांना जागें होऊं देणारा आरंभ, शब्दाच्या आधींची ती शांतता, दोन कडव्यांमधला विसावा, हें सर्व तोट्याचें ठरतें. ज्या गाण्यावर लोक नाचून चित्रफीत करतील तेंच पुढें जातें, म्हणून रचणाऱ्याच्या मनांत आधीं नाच येतो आणि मग शब्द. अहिराणीच्या वांट्यास यामुळें हळद, वरात आणि पोरीची थट्टा यांच्यापलीकडचा विषय क्वचित् येतो. कानबाईचीं, गुलाबाईचीं, आखाजीच्या झोक्यावरचीं गाणीं ज्या बोलींत झालीं, जिच्या शेजारच्याच बोलींत असोद्याच्या बाईनें संसार, मन आणि मरण यांविषयीं गाइलें, त्या बोलींना बुद्धीचें दारिद्र्य आहे काय? दारिद्र्य आहे तें वेळेचें. वीस कामें करणाऱ्या माणसापाशीं एक ओळ महिनाभर मनांत घोळविण्यास सवड नाहीं.

स्त्रियांविषयीं तर निराळें लिहिलें पाहिजे. जात्यावरच्या ओवीला पडदा होता. गाणारी दिसत नसे, ऐकूं येई. आजच्या गाणारीला प्रथम दिसावें लागतें आणि मग, वेळ उरल्यास, ऐकूं यावें लागतें. तिच्या गाण्याखालीं जें लिहिलें जातें तें या मासिकाच्या पानांवर उद्धृत करण्याची आमची इच्छा नाहीं. तें रोज वाचणें, त्यांतलें सभ्य तेवढें वेंचून हंसून आभार मानणें आणि उरलेलें गिळणें, हें तिचें आणखी एक काम होय. त्याचें मोल कोणत्याहि हिशेबांत धरलें जात नाहीं. किती सासरच्या मंडळींनीं या एका कारणासाठीं सुनेचें गाणें बंद केलें असेल, हें आमचे वाचक आपापल्या नात्यागोत्यांत पाहून स्वतःच ठरवूं शकतील.

असोद्याची दुसरी कीर्ति भरिताच्या वांग्याची आहे. जळगांवच्या भरिताच्या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक ओळखीचें कायदेशीर संरक्षण मिळालें. आतां त्या नांवानें भलत्याच ठिकाणचें वांगें विकतां येत नाहीं. शेतकऱ्याची दशा आम्ही आदर्श म्हणून सांगत नाहीं. आडत, तोलाई, हमाली यांनीं तो किती नाडला जातो हें खानदेशास सांगावयास नको. तरी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वांगें पिकविणें हें शेतकऱ्याचें काम. तोलणारा, वाहणारा, विकणारा निराळा. 'तूं रोज आपल्या वांग्यांपुढें नाचून दाखविलेंस तरच तीं बाजारांत मांडूं,' असें त्यास अद्याप कोणी सांगितलेलें नाहीं. गायकास तें उघड सांगितलें जातें, आणि तो नाचतोहि. त्याच मातींतून उगवलेल्या वांग्याच्या नांवाला कायद्याचें छत्र आहे. गाण्याच्या गीतकाराचें नांव मात्र वरातींत नाचणाऱ्या शंभरांपैकीं एकासहि ठाऊक नसतें.

मग करावयाचें काय? नुसतें रडगाणें गाऊन थांबणें हा या मासिकाचा रिवाज नाहीं. पहिली गोष्ट गायकांनीं करावी. दहा गायकांनीं दहा ठिकाणीं तींच वीस कामें अर्धवट करण्याऐवजीं एकत्र येऊन एक ध्वनिमुद्रक, एक हिशेबनीस, एक करार वाचणारा आणि एक सुपारी घेणारा ठेवावा. ज्या महाराष्ट्रानें प्रवरेच्या कांठीं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करून दाखविला, त्याला गाणाऱ्यांची सहकारी मंडळी अशक्य कां वाटावी? फड आपल्याला नवा नाहीं. त्यांतला मालक काढून तेथें सभासद बसवावयाचे, इतकेंच.

दुसरी गोष्ट संस्थांनीं करावी. जळगांवच्या विद्यापीठास २०१८ सालीं बहिणाबाईंचें नांव दिलें गेलें. फार योग्य झालें. परंतु नांवाचा मान राखण्याचा मार्ग कमानीवरील अक्षरांपुरता संपत नाहीं. बहिणाबाईंस जें मिळालें आणि आजच्या गाणारीस मिळत नाहीं तें म्हणजे टिपून घेणारा माणूस. विद्यापीठें, जिल्ह्यांचीं ग्रंथालयें, मोठ्या ग्रामपंचायती यांनीं प्रत्येक तालुक्यांत एक साधी ध्वनिमुद्रणाची खोली, तींत एक जाणता मनुष्य आणि हक्कांची नोंद करून देणारा एक कारकून एवढें दिलें तरी सोपानदेवाचें काम समाजानें अंगावर घेतल्यासारखें होईल. यास फार पैसा लागत नाहीं. एका संमेलनाच्या मांडवाच्या खर्चांत अशा कित्येक खोल्या उभ्या राहतील.

तिसरी गोष्ट त्या धनाढ्य मंचांची. हौदाची वांटणी हा कांहीं सृष्टीचा नियम नव्हे. साउंडक्लाउडनें २०२१ सालीं, ज्यानें ज्याचें गाणें ऐकलें त्याचा पैसा त्यालाच, अशी पद्धत कांहीं गायकांपुरती सुरू करून दाखविली. म्हणजे इच्छा असल्यास तें करतां येतें. इतर मंचांनीं तें करावें, आणि हिशेब व करार मराठींत द्यावे, ही मागणी आमच्या गायकांनीं व त्यांच्या लोकप्रतिनिधींनीं लावून धरली पाहिजे.

चौथी गोष्ट आमच्या वाचकांची, आणि ती सांगावयास आम्ही भीड धरणार नाहीं. सुशिक्षित मध्यमवर्ग अहिराणी गाण्यावर मुलाच्या लग्नांत नाचतो आणि दुसऱ्या दिवशीं त्याच गाण्यास गांवढळ म्हणतो. तो इंटरनेटसाठीं दरमहा पैसे मोजतो, तबकांत चांदीचीं भांडीं देतो, मंडपाच्या फुलांवर हजारों उडवितो. आणि ज्याच्या गाण्यानें मांडव जागा राहिला त्याच्या कार्यक्रमाचें बोलणें निघालें कीं 'थोडें कमी करा' म्हणतो. कायद्यानें वरातींतलें गाणें फुकट केलें असेल. धर्मानें केलेलें नाहीं. ज्या घरांत गाणें वाजलें त्या घरानें त्याच्या कवीचें, चाल लावणाऱ्याचें, गाणाऱ्याचें नांव विचारावें; शक्य तेव्हां त्यासच बोलवावें; ठरलेली रक्कम त्याच रात्रीं हातीं द्यावी; त्याची ध्वनिमुद्रिका किंवा तिकीट विकत घेतां येत असेल तर फुकट मागूं नये. आणि आपल्याच घरांत मुलगी किंवा पुतण्या गात असेल, तर 'तूं प्रसिद्धि कां करीत नाहींस?' असें विचारण्याऐवजीं 'तुझा हिशेब मी लिहितों, तुझीं पत्रें मी पाहतों, तूं रियाझाला बैस,' असें सांगणारा एक तरी मनुष्य त्या घरांत निघावा.

कलावंत स्वतंत्र झाला असें म्हणण्याचा अधिकार आपणांस त्या दिवशीं येईल, ज्या दिवशीं त्यास कांहीं कामांना 'हें माझें नव्हे' असें म्हणतां येईल. गळा एकाचा असतो. त्याच्या भोंवतीचें सारें काम समाजाचें असतें. समाजानें आपला वांटा टाकून दिला आणि त्या टाकून देण्याला कलावंताचें स्वातंत्र्य असें नांव दिलें. तो वांटा परत उचलावयाचा कीं असोद्यांतील पुढची ओवी न ऐकतांच विरूं द्यावयाची, याचा निर्णय गायकाकडे नाहीं. तो ऐकणाऱ्यांकडे आहे.